मात्रा आणि मुदत

दरवर्षी २४ एप्रिलच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराच्या बेतास, बंगळूर शहरात एक मौज पाहावयास मिळते. हौशी मंडळी गच्चीवर किंवा अंगणात एखादी काठी उभी करतात आणि तिची सावली नाहीशी होण्याची वाट पाहत बसतात. सूर्य त्या वेळी अगदी माथ्यावर आलेला असतो. १८ ऑगस्टच्या सुमारास हाच योग पुन्हा एकदा येतो. ज्या नगराच्या माथ्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो, तेथील माणसांना उन्हाची वानवा भासावी, हे कोणास खरे वाटणार नाही. तथापि येथे रक्ताची तपासणी करून आलेल्या मंडळींना विचारा. ड जीवनसत्त्व कमी असल्याचा शेरा त्यांच्यापैकी अनेकांच्या अहवालावर आढळेल.

ह्यात विसंगती दिसते ती वरवरची आहे. ऊन आकाशात असून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते. ज्या अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. सकाळी घरातून निघून मोटारीत, मोटारीतून कचेरीत आणि दिवे लागल्यावर परत घरी, असा ज्यांचा दिनक्रम आहे, त्यांच्या वाट्याला उजेड येतो, ऊन येत नाही. सकाळचे कोवळे ऊन ह्या कामी उत्तम, असा आपल्याकडे समज आहे. तोही पुरता खरा नाही. सूर्य तिरपा असताना हे किरण वातावरणातच बहुतांशी गळून जातात. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल, तर त्या उन्हाचा ह्या बाबतीत फारसा उपयोग नाही, असा साधा ठोकताळा आहे.

आपल्या महाराष्ट्रात ह्या गोष्टीचा प्रत्यय शंभर वर्षांपूर्वीच आला होता. हचिसन आणि शहा ह्या संशोधकांनी नाशिक भागातील मुडदुसाचा अभ्यास करून १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुखवस्तू परंतु पडदा पाळणाऱ्या कुटुंबांत, जेथे बायका-मुले आतल्या अंधाऱ्या खोल्यांत राहत, तेथे खाण्यापिण्याची ददात नसूनही हा रोग आढळे. उलट अर्धपोटी असलेल्या, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांची हाडे सरळ असत. श्रीमंतीने जे हिरावून घेतले, ते गरिबीने नकळत राखले होते. आज पडदा मागे पडला. त्याची जागा काचेच्या भिंतींनी घेतली.

ही उणीव भरून काढण्यासाठी गोळ्या, पुड्या आणि थेंब उपलब्ध आहेत, आणि ज्यांना खरोखर उणीव आहे त्यांना त्यांचा लाभही होतो. ह्या औषधाविषयी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावयास हवी. त्वचेच्या वाटेने येणाऱ्या ड जीवनसत्त्वावर निसर्गाने पहारा बसविला आहे. पुरेसे तयार झाले की पुढच्या उन्हाने जादा द्रव्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होते. म्हणून कितीही उन्हात राबले तरी ह्या जीवनसत्त्वाची बाधा होत नाही. तोंडाच्या वाटेवर असा पहारेकरी नाही. शिवाय क जीवनसत्त्व जास्त झाले तर ते लघवीवाटे निघून जाते, तसे ह्याचे नाही. हे चरबीत साठते आणि कित्येक आठवडे, कधी महिनेही, तेथून रक्तात उतरत राहते. म्हणून ह्या औषधात मात्रेइतकेच महत्त्व मुदतीला आहे.

हे मी कोठे वाचून सांगत नाही. माझ्या आत्या काकांच्या निधनानंतर बेळगावहून आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांचे पाय दुखत, जिना चढताना मांड्यांत बळ नसे. तपासणीत ड जीवनसत्त्व बरेच कमी आढळले. डॉक्टरांनी साठ हजारांची गोळी लिहून दिली : आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठीवरील 'आठवड्यातून' हा शब्द आत्यांना लागला नाही, आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा, हे आम्हा कोणाच्या मनात आले नाही. त्या रोज एक गोळी घेत राहिल्या. गोळ्या संपल्या की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पाकिटे येत. चाळीस दिवस हे चालले. मध्यंतरी मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "अरे, शक्तीचेच औषध ते. थोडे जास्त गेले म्हणून काय बिघडते?"

बिघडले ते असे. प्रथम अन्नावरची वासना गेली. मग तहान वाढली, रात्रीतून पाच-सहा वेळा उठणे सुरू झाले, मलावरोध झाला. आम्ही ते वयाच्या माथी मारले. शेवटी एके सकाळी त्यांनी मला माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि मी चूक दुरुस्त केली तरी त्यांना ती उमगेना. रुग्णालयात रक्तातील कॅल्शियम फार वाढलेले निघाले आणि मूत्रपिंडांवर ताण पडलेला दिसला. शिरेवाटे सलाइन देऊन व औषधे करून त्या सावरल्या. पण रक्त पूर्ववत होण्यास काही महिने लागले.

हिशेब मांडून पाहिला तर प्रकार स्पष्ट होतो. साठ हजारांच्या आठ गोळ्या म्हणजे ४,८०,००० एकके. ती दोन महिन्यांत घ्यावयाची होती. आत्यांनी चाळीस दिवसांत २४,००,००० एकके घेतली. आपली रोजची गरज किती, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी ती ६०० एकके ठरविली, आणि रोज सतत घेण्याची वरची मर्यादा ४,००० एकके. म्हणजे एक गोळी ही शंभर दिवसांची शिदोरी आहे. ती आठवड्याला एक घेणे हा थोड्या काळापुरता केलेला उपचार होय. तो रोजचा आहार नव्हे.

अपाय कसा होतो, तेही समजून घ्यावे. त्वचेत तयार झालेले किंवा पोटातून आलेले ड जीवनसत्त्व प्रथम यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात पालटून कार्यक्षम बनते, आणि आतड्यांना अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास लावते. साठा अतोनात वाढला की कॅल्शियम रक्तात गरजेबाहेर चढते. मग मूत्रपिंडे ते बाहेर टाकण्यासाठी झटतात, म्हणून तहान आणि लघवी वाढते; पुढे मुतखडे होतात, मूत्रपिंडे निकामीही होऊ शकतात.

मोठी मात्रा एकदम देऊन मोकळे व्हावे, हा मोहही टाळावा. ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षांवरील २,२५६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लक्ष एकके देण्यात आली. २०१० साली निष्कर्ष आला तो अपेक्षेच्या उलट : औषध घेणाऱ्या स्त्रियांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले होते. आपल्याकडे काश्मीरमधील डॉक्टरांनी २०११ साली ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेचे दहा रुग्ण नोंदविले. ज्या प्रदेशात ह्या जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर, तेथेच ही बाधाही आढळावी, ह्यात मोठा बोध आहे.

मग करावे काय? प्रथम उणीव आहे की नाही, हे वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. रक्तातील प्रमाण मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास पुष्कळ तज्ज्ञ ती कमतरता मानतात, १२ पेक्षा कमी असल्यास ती गंभीर समजली जाते. १५०च्या पलीकडे बाधेचे भय असते. काही प्रयोगशाळा दुसऱ्या मापात आकडा देतात, त्या मापातील ५० म्हणजे आपले २०. तेव्हा आकड्यापुढील माप वाचल्यावाचून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. ज्यांना मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार, क्षय किंवा सार्कॉइडोसिस झालेला आहे, जे रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या किंवा हृदयविकारावर डिगॉक्सिन घेतात, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांच्या बाबतीत बेताची मात्राही जास्त ठरू शकते. कॅल्शियमच्या व शक्तीच्या गोळ्यांतही बहुधा हे जीवनसत्त्व असते, तेही हिशेबात धरावे. लहान मुलांच्या थेंबांत तर अधिकच दक्षता हवी. एका बाटलीत मिलिलिटरला ४०० एकके असतात, दुसरीत ८००. बाटली बदलली की माप बदलते.

गोळी जेवणानंतर घ्यावी, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ती चांगली शोषली जाते. साप्ताहिक गोळीचा वार ठरवून टाकावा. मुदत संपली की थांबावे, आणि पुढे किती व कसे घ्यावयाचे, हे डॉक्टरांना विचारावे. जुनी चिठ्ठी दाखवून नवे पाकीट आणणे, हा तर सर्वांत मोठा धोका.

सरकारी नोकरीत माझी वीस वर्षे गेली. ज्या आदेशावर मुदत लिहिलेली नसते, तो हेतू संपल्यावरही चालू राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरातल्या चिठ्ठीकडे मात्र त्या दृष्टीने पाहण्याचे मला सुचले नाही. आता आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर औषधाचा आरंभ आणि शेवट, दोन्ही तारखा तांबड्या शाईने लिहिलेल्या असतात. आत्यांची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून अक्षर मोठे काढतो. आणि दुपारी आमच्या सावल्या आखूड असतात तेव्हा त्या थोडा वेळ गच्चीवर बसून शेंगा सोलतात.