दीपवृक्ष, कोश आणि पडदा

रोम शहरात टायटस या सम्राटाच्या स्मरणार्थ इ. स. 81 च्या सुमारास उभारलेली एक दगडी कमान आजही उभी आहे. तिच्या आतल्या अंगास विजयी सैनिकांची मिरवणूक कोरलेली असून त्यांच्या खांद्यांवर लुटीचे सामान आहे. त्यात सात शाखांचा एक दीपवृक्ष आपले लक्ष प्रथम वेधून घेतो. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर जाळले, तेव्हा ही लूट रोमला आली. यहुद्यांच्या मानखंडनेचे हे चित्र 1949 साली इस्राएल राष्ट्राने आपल्या राजमुद्रेत आदराने घेतले, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा!

या वस्तूंचे मूळ वर्णन निर्गमाच्या ग्रंथात आहे. आपल्या देवळांत सभामंडप आणि गाभारा असतो. मोशेच्या मंडपाचेही तसेच दोन भाग होते. बाहेरच्या भागात शुद्ध सोन्याचा दीपवृक्ष, बारा भाकरी मांडण्याचे मेज आणि धूपवेदी. आतील परमपवित्रस्थानात बाभळीच्या लाकडाचा, सोन्याने मढविलेला कराराचा कोश. मध्ये जाड पडदा. त्यापलीकडे केवळ मुख्य याजकाने, तेही वर्षातून एकच दिवस, जावयाचे. आत मूर्ती मात्र नव्हती. इ. स. पूर्व 63 मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेमेच्या मंदिरात थेट आत शिरला, तेव्हा त्याला तेथे कसलीही प्रतिमा आढळली नाही. कोश तर बाबिलोनच्या स्वारीनंतर नाहीसा झाला होता.

मग ज्या वस्तू उरल्याच नाहीत, त्यांचे ख्रिस्ती लोकांना आज काय? येशू स्वतः यहुदी होता आणि त्या मंदिरात तो गेला होता, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याच्या मृत्यूच्या वेळी मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमान सांगते. याचा अर्थ ख्रिस्ती भाविक असा घेतात, की देवाजवळ जाण्याची वाट आता सर्वांस मोकळी झाली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर मुख्य याजक, पडदा आणि यज्ञ हे सारे ख्रिस्ताची आगाऊ पडलेली छाया म्हणून उलगडून दाखविले आहे. कॅथलिक प्रार्थनेत मरियेला कराराचा कोश म्हणतात, कारण तिने ख्रिस्ताला उदरात वाहिले. गोव्यातील कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकर ठेवण्याची पेटी आणि तिच्याजवळ तेवणारा दिवा दिसेल. त्या पेटीचे लॅटिन नाव मोशेच्या मंडपाचेच आहे.

परंतु येथे एक धोका आहे, आणि तो आम्हांस लहान वाटत नाही. छाया सरली म्हणजे यहुद्यांचा धर्मही सरला, असा अर्थ युरोपात शतकानुशतके काढला गेला आणि त्यापायी त्या लोकांना फार सोसावे लागले. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांना देवाने टाकलेले वा शापिलेले म्हणून दाखवू नये, असे स्पष्ट जाहीर केले. अलीकडे काही ख्रिस्ती कुटुंबे घरात सात शाखांचा दीपवृक्ष ठेवतात. ठेवावा, परंतु ज्यांचा तो वारसा, ते लोक आजही प्रार्थना करीत आहेत, हे विसरून तो केवळ शोभेचा करू नये.

यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. 1948 नंतर त्यांतील बहुतेक इस्राएलला गेले. तरी 1796 साली मुंबईत स्थापन झालेले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर अद्याप आहे. आपल्या प्रार्थनामंदिराला ते ‘मशीद’ म्हणत, हे ऐकून आम्हांस मौज वाटली. तेथे यरुशलेमेच्या दिशेस असलेल्या कपाटात, जुन्या कोशाची आठवण म्हणून, धर्मशास्त्राची हस्तलिखित गुंडाळी जपून ठेवलेली असते आणि त्या कपाटासमोर दिवा तेवत असतो.