टक्केचिन्हामागची अक्षरे

संगणकात शेवटी सारे आकडेच असतात, हे आपण ऐकून असतो. परंतु कोणता आकडा माणसाला कोणत्या रूपात दाखवावयाचा, हे ठरविण्यासाठीही एक छोटेसे व्याकरण लागते. त्याची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

'सी' या संगणकभाषेत छापण्याच्या आज्ञेमध्ये टक्केचिन्ह आणि त्यापुढे एक रोमन अक्षर लिहितात. '%डी' म्हणजे पूर्णांक, '%एस' म्हणजे अक्षरमाला आणि '%पी' म्हणजे पॉइंटर, अर्थात स्मृतीतील जागेचा पत्ता. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, मुख्यतः याच भाषेत लिहिलेला आहे. त्याची छापण्याची आज्ञा मात्र स्वतःची आहे. तिचे नाव 'प्रिंट-के'.

कर्नेलला नुसत्या पूर्णांकावर भागत नाही. इंटरनेटवरील यंत्राचा पत्ता पुष्कळदा चार बाइटांचा असतो. तो सलग छापला तर ३२३२२३५७७७ असा आकडा दिसेल. त्यातून बोध तो काय होणार? तोच १९२.१६८.१.१ असा छापला की जाणकार तत्काळ ओळखतो. पूर्वी त्यासाठी पत्त्याचे चार तुकडे करून छापावे लागत. २००८ साली एक युक्ती निघाली. '%पी'लाच प्रत्यय जोडावयाचे! '%पीआय४' लिहिले की वरीलप्रमाणे पत्ता छापला जातो. '%पीएम' लिहिले की नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा क्रमांक. '%पीएस' लिहिले की त्या जागी असलेल्या फंक्शनचे नाव. मूळ शब्द तोच, प्रत्ययाने अर्थ बदलतो. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये.

पण प्रत्यय '%पी'लाच का? कंपायलर प्रत्येक टक्केचिन्हाचा आणि त्यासाठी दिलेल्या वस्तूचा मेळ तपासतो. अनोळखी अक्षर दिसले की तक्रार करतो. '%पी'नंतरची अक्षरे मात्र त्याला साधा मजकूर वाटतात, म्हणून तो गप्प राहतो. हीच सोय आणि हाच धोका. '%पीआय४'ला भलत्याच वस्तूचा पॉइंटर दिला तरी तो हटकत नाही. यंत्र बंद पडल्यावर नोंदवहीतील ओळ पुष्कळदा एकमेव साक्षीदार असते; तीच खोटी बोलली, तर दोष शोधावा कसा?

दुसरा धोका खरे बोलण्याचा. स्मृतीतील खरा पत्ता घुसखोराच्या उपयोगी पडतो. म्हणून जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीपासून नुसते '%पी' खऱ्या पत्त्याऐवजी त्यापासून बनविलेला फसवा आकडा छापते. खरा पत्ता हवाच असेल तर '%पीएक्स' असे मुद्दाम लिहावे लागते.

एका अक्षराची ही जबाबदारी! ते लिहिणाऱ्याने जाणून लिहावे, कारण तेथे चूक दाखविणारे दुसरे कोणी नसते.