डोकं असह्य दुखतंय, दाखवायचं कुणाला?



ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरियाची गोणी फोडत नाही. पाणी साचलंय, लोह कमी पडलंय, की मुळाला हुमणी लागलीय, हे आधी बघतो. डोकं दुखलं की मात्र दुकानातली गोळी घेऊन मोकळे! साधी डोकेदुखी त्याने थांबतेही. पण काही डोकेदुखी गोळीला जुमानत नाही, आणि तिचा योग्य डॉक्टर सापडायला लोकांची वर्षे जातात. म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं की सरसकट 'अर्धशिशी' म्हणतात. खरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, बायकांत जास्त आढळते. ती उपचार न केल्यास ४ ते ७२ तास राहते. मळमळतं, उजेड सोसत नाही, माणूस अंधाऱ्या खोलीत निजून राहतो.

याच्या अगदी उलट वागणारा दुसरा आजार म्हणजे क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घोस किंवा झुबका. दुखण्याचे झटके काही आठवडे ते काही महिने रोज येतात, आणि मग बरेच महिने काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सुमारास सुरू. एका डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात तापलेली सळई खुपसल्यासारखी कळ येते. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन गळतो, नाक चोंदतं, पापणी उतरते. झटका १५ मिनिटे ते ३ तास टिकतो आणि दिवसात ८ वेळांपर्यंत येऊ शकतो. रोगी निजत नाही, खोलीत येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. हा आजार पुरुषांत जास्त. पुष्कळदा रात्री ठरल्या वेळी माणूस कळेने जागा होतो, कारण शरीराचं घड्याळ सांभाळणारा मेंदूचा भाग यात गुंतलेला असतो. घरचे म्हणतात रात्रीच्या पाळीला पाणी धरून थंडी बाधली. ते खरं नव्हे. दारू मात्र खरीच बाधते. झटक्यांच्या दिवसांत थोडी घेतली तरी कळ उठते.

नाक गळतं म्हणून रोगी आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जातो, सायनस म्हणून औषध घेतो. डोळा लाल म्हणून चष्मा बदलतो. जबड्यात कळ उतरते म्हणून चांगले दात उपटून घेतलेले रोगीही जगभर आढळतात. यात त्या डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे जे दुखणं घेऊन जावं, ते तो तपासतो.

मग जायचं कुठं? आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा एम.डी. मेडिसिनकडे. त्यांच्या उपचाराने उतार पडला नाही, किंवा वरच्यासारखी लक्षणे असली, तर न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. मागायला संकोच नको. पाटीवर 'डी.एम.' किंवा 'डीआरएनबी' न्यूरॉलॉजी बघावं. न्यूरोसर्जन हा शस्त्रक्रियेचा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. मुंबईच्या के.ई.एम. आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचे विभाग आहेत. बंगळूरची निम्हान्स ही तर याच क्षेत्रातली मोठी संस्था.

क्लस्टरच्या झटक्यावर साध्या गोळीचा उपयोग नाही, ती पोटात विरघळेपर्यंत झटका सरतो. मास्क लावून मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन १५ मिनिटे देतात. इंग्लंडमधल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑक्सिजनने ७८ टक्के झटक्यांत १५ मिनिटांत आराम पडला, नुसत्या हवेने २० टक्क्यांत. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शनही आहे, पण हृदयविकार असलेल्याला चालत नाही. झटके येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल देतात, त्यासाठी मधूनमधून ई.सी.जी. काढावा लागतो. हे सगळं तज्ज्ञाच्या सांगण्यावरूनच. ऑक्सिजनजवळ बिडी-काडी अजिबात नको.

आणि काही वेळा तज्ज्ञ शोधत बसायचंच नाही, सरळ मोठ्या दवाखान्याची वाट धरायची: क्षणात वीज पडावी तसं डोकं दुखलं, तापाबरोबर मान ताठली, हात-पाय लुळे पडले, बोबडी वळली, डोक्याला मार लागून दुखणं वाढत गेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या तऱ्हेने डोकं दुखू लागलं, तर तेही लवकर दाखवावं. कळेपायी 'जीव नकोसा झालाय' असं कुणी म्हणालं तर चेष्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

जाण्यापूर्वी महिनाभर वही ठेवावी. कळ किती वाजता आली, किती वेळ राहिली, कुठली बाजू, किती गोळ्या घेतल्या. गोळ्यांचा आकडा खरा लिहावा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांवर घेतल्या, तर गोळीनेच डोकं दुखू लागतं. जुने कागद, सोडलेल्या औषधांची पाकिटेही न्यावीत. रात्रीची कळ ज्याने डोळ्यांनी पाहिली, तो घरचा माणूस बरोबर असावा. आणि झटका चालू असताना मोबाईलवर त्या डोळ्याचा फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत डोळा पुन्हा पांढरा झालेला असतो.