आधी दिवाणजींना विचारा

हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारात आणायचं ठरलं की नव्या कंपनीची पहिली बैठक बहुधा लोगो, वेबसाइट आणि जाहिरातीच्या बजेटवरच संपते. विकत कोण घेणार, हा प्रश्न चहा आल्यावर कुणीतरी काढतं आणि ‘मालक, दुसरं कोण?’ म्हणून तो मिटतोही. घोटाळा इथंच होतो. मार्केट यार्डातल्या गाळ्यावर चेकवर सही अडत्याची असते. पण डेमो संपल्यावर तो कोपऱ्यातल्या दिवाणजींकडे बघतो. ते ‘बघू नंतर’ म्हणाले की विषय बारगळला. त्यांनी होकार दिलाच, तर सीएंना फोन जातो.

ही साखळी टॅलीइतकी कुणी ओळखली नसेल. १९८६ मध्ये बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंकांना आपल्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत यांना, ते लिहायला लावलं. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. मला जास्त रस आहे तो क्लासच्या पाटीत. तालुक्याच्या गावी संगणक क्लासच्या बोर्डावर एमएस-सीआयटीच्या जोडीला टॅली असतंच. शिकणाऱ्यांना ते फुकट वापरता येतं, फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात. शिकायला एवढं पुरतं, दुकान चालवायला नाही. या एका मर्यादेत जेवढी अक्कल आहे, तेवढी पानभर जाहिरातीत सापडत नाही. बीकॉम झालेली मुलगी नोकरीला लागते तेव्हा एफ-८ ला विक्री आणि एफ-९ ला खरेदी हे तिच्या बोटांत बसलेलं असतं. मग मालकच छापतो, ‘अकाउंटंट पाहिजे, टॅली येणे आवश्यक’. पैसे त्याचे, जाहिरात टॅलीची!

याच्या अगदी उलट टोक सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं. २००० साली सीबेल या बड्या प्रतिस्पर्ध्याच्या संमेलनाबाहेर त्यांनी भाडोत्री नट उभे करून ‘सॉफ्टवेअरचा अंत’ असा लुटुपुटूचा मोर्चा काढला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याची चर्चा झाली. इचलकरंजीत काढला असता, तर लोकांनी पक्ष कुठला एवढंच विचारलं असतं.

इथं आधी कॅलेंडर बघावं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० पर्यंत ३-बी द्यायचा असतो. त्या दिवसांत फोन करणारा विक्रेता दिवाणजींच्या कायमचा लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थानं नव्हे. मार्चचं तर नावच नको; पण १ एप्रिलला नवी वही उघडायची असेल, तर बोलणी दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवीत.

आणि डेमोत रंगीत आलेख कशाला? दिवाणजींची भीती वेगळीच असते: जुना डेटा आणताना बाकी जुळली नाही, तर रात्री जागायचं कुणी? त्यांच्याच मागच्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स नव्या सॉफ्टवेअरमध्ये पैशापर्यंत जुळवून दाखवा. त्यासाठी हिशेब कळणारी दोन माणसं ठेवावी लागतील. त्यांचा पगार मार्केटिंगच्या खात्यात टाकायला हरकत नाही.