तांब्याच्या तारेतली वीज

घरातली वीज गेली तरी जुना दूरध्वनी चालू राहत असे, हे अनेकांना आठवत असेल. त्या तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे. दूरध्वनी केंद्रातल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीजही तिच्यातूनच येई.

ब्रिटनमध्ये ही यंत्रणा आता कायमची बंद होत आहे. आधीची डिसेंबर २०२५ची मुदत जानेवारी २०२७पर्यंत वाढवण्यात आली. तिथल्या दुकानांचे, दवाखान्यांचे, कचेऱ्यांचे फोन इंटरनेटवर जात आहेत. या पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते, त्याचे छोटे तुकडे जाळ्यातून धावतात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. कचेरी दुसऱ्या गावी हलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो. कर्मचारी घरूनही त्याच क्रमांकावर बोलू शकतो.

पण राउटरला लागणारी वीज तारेतून येत नाही. ती गेली की फोन मुका होतो. शिवाय जुन्या तारेवर फक्त फोन नव्हता. लिफ्टमधली धोक्याची घंटा, चोरीची सूचना देणारे यंत्र, कार्ड मशीन, वृद्धांच्या गळ्यातले मदतीचे बटण हे सारे तिच्यावरच चाले. बदलानंतर अशी काही बटणे ऐन गरजेला चालली नाहीत. मुदतवाढीमागे ही काळजीही होती.

म्हणून जुनी जोडणी तोडण्याआधी तिच्यावर काय काय चालते, याची यादी करावी, प्रत्येक उपकरण नव्या जोडणीवर तपासावे आणि राउटरला बॅटरी जोडावी. दूरध्वनी केंद्र जी जबाबदारी वर्षानुवर्षे निमूट वाहत होते, ती आता ग्राहकाच्या खांद्यावर आली आहे.