दौंडला इंजिन फिरते तेव्हा

पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने काही वर्षांपूर्वी ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना दौंडचा तो खोळंबा आठवत असेल. गाडी फलाटाला लागे, पुढचे इंजिन सुटे, रूळ बदलत बदलत मागच्या टोकाला येऊन जोडले जाई, आणि मग सबंध गाडी आल्या दिशेला पाठ करण्याऐवजी तोंड करून मार्गस्थ होई. तोवर डब्यातल्या माणसाचा दुसरा चहाही संपलेला असे. इंजिन नादुरुस्त नसे, रूळही शाबूत असत. जो बंदोबस्त गाडी येण्यापूर्वी व्हायला हवा, तो गाडी उभी करून करावा लागे, एवढेच. पुढे कॉर्ड लाइन झाली आणि अनेक गाड्या दौंडच्या फलाटाला न लागता परस्पर वळू लागल्या.

याची आठवण मला शिरूरला झाली. माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. वर्षभर पगारातून शिल्लक टाकून त्याने उत्तम ग्राफिक्स कार्डाचा संगणक जुळवून घेतला आणि नुकताच निघालेला एक गेम पहिल्याच दिवशी उतरवला. गेममधला दरवाजा उघडला की पडद्यावरचे चित्र क्षणभर गोठे. "मामा, कार्ड नवं आहे, तरी अटकतंय बघा," तो म्हणाला. मी त्याला मागे फिरून पुन्हा त्याच दरवाजातून जायला सांगितले. या खेपेस चित्र जराही थबकले नाही. सगळ्या प्रकरणाची किल्ली या दुसऱ्या फेरीत आहे.

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावरचा उजेड, पाण्यावरची झळाळी ठरवणारे छोटे छोटे आज्ञासंच असतात. त्यांना शेडर म्हणतात. गेम लिहिणारा ते एका सर्वसाधारण भाषेत लिहितो, परंतु प्रत्येक कार्डाची स्वतःची बोली निराळी असल्यामुळे त्या बोलीत त्यांचे भाषांतर व्हावे लागते. प्लेस्टेशनसारख्या यंत्रात आतील सामग्री ठरलेली असते, तेव्हा भाषांतर कारखान्यातच उरकता येते. आमच्या घरोघरच्या संगणकांत मात्र कार्डे भिन्न, त्यांचे ड्रायव्हर भिन्न, म्हणून ते काम ज्याच्या त्याच्या यंत्रावरच करावे लागते. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. ऐन दरवाजा उघडताना एखादे अवघड भाषांतर निघाले आणि त्याने शंभर मिलिसेकंद खाल्ले, की सहा चित्रे बुडाली. झालेले भाषांतर दप्तरी जमा राहते, म्हणून दुसऱ्या फेरीला काही अडत नाही.

आता कोणी विचारील की, हे पूर्वी होत नव्हते काय? होत होते, पण झाकले जात होते. कचेरीबाहेर बसणाऱ्या जुन्या अर्जनविसाचे उदाहरण घ्या: पक्षकाराने तोंडी, अर्धवट, मागचे पुढे करून हकीकत सांगावी आणि अर्जनविसाने ती कायद्याच्या चौकटीत बसवून द्यावी. ओपनजीएल किंवा २००९ सालचे डायरेक्टएक्स ११ या, गेम आणि कार्ड यांच्यामधल्या जुन्या व्यवस्थांच्या अमलात कार्डाचा ड्रायव्हर हेच काम करी. गेम तुटक हुकूम देई, आणि त्यातून नेमके काय हवे आहे हे ड्रायव्हर अंदाजाने ताडून पडद्यामागे तजवीज करी. या सोयीची किंमतही होती. या कारकुनीचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडे आणि बाकीचे गाभे रिकामे बसून राहत.

म्हणून २०१३ मध्ये एएमडीने मँटल पुढे आणले. २०१४ मध्ये ॲपलचे मेटल, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स १२, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रोनोस गटाचे व्हल्कन आले. या नव्या व्यवस्थेत अर्जनवीस जवळजवळ उठवलाच. स्मृतीचा हिशेब, कामाची वाटणी, आणि कोणता शेडर कोणत्या स्थितीत लागेल याचा संपूर्ण, आगाऊ तपशील, ही सारी जबाबदारी आता गेमकर्त्याची. ज्याने ती पेलली त्याला फळही मिळाले: २०१६ च्या ‘डूम’ला त्याच वर्षी व्हल्कनची जोड मिळाली, तेव्हा अनेक यंत्रांवर त्याचा वेग ठळकपणे वाढला. ज्याने हजारो संयोगांची यादी अपुरी ठेवली, त्याची गाडी दर वळणावर दौंडला थांबू लागली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालेला ‘एल्डन रिंग’ भल्याभल्या संगणकांवर अडखळला, आणि त्याच सुमारास आलेल्या स्टीम डेक या हातातल्या लहानशा यंत्रावर त्या मानाने सुरळीत चालला; तेथे सामग्री एकच असल्याने तयार भाषांतरे आगाऊ धाडता येत होती, हे त्याचे एक कारण. उलट टोकाचे उदाहरण मार्च २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या पहिल्या भागाचे. त्याने भाषांतर आरंभीच करायचे ठरवले, पण अनेकांच्या संगणकांवर ते इतके लांबले की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करण्यासाठी असलेली दोन तासांची खेळण्याची मर्यादा वाट पाहण्यातच खर्ची पडू लागली. कॉर्ड लाइनही नीट आखावी लागते, ती अशी.

‘राजी’ हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्ससारख्या लहान चमूने ही सारी यंत्रणा स्वतः लिहावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांनी तयार अनरियल इंजिन घेतले, हेच शहाणपणाचे होते. त्या इंजिनाच्या पाचव्या पिढीत शेडरांची पूर्वतयारी आपोआप करून घेण्याची सोयही पुढे आली. शेकडो माणसे आणि अमाप पैसा पदरी असलेल्या मोठ्या प्रकाशकांना मात्र ही सबब चालू नये. पूर्ण दाम घेऊन उरलेली परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी उरकणे हा, माझ्या मते, सरळ हलगर्जीपणा आहे.

भाच्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. गेम प्रथम उघडताना शेडर तयार होत असल्याची पट्टी दिसली, तर घाई न करता ती पुरी होऊ द्यावी; ड्रायव्हर बदलल्यावर जुने दप्तर रद्द होऊन ती पुन्हा दिसली, तरी यंत्र बिघडले असे समजू नये. आणि नवा गेम पहिल्या दिवशी घेऊ नये. महिन्याभराने दुरुस्त्या झालेल्या असतात, आणि पुष्कळदा किंमतही उतरलेली असते.