डोळ्यात पडलेले फूल आणि पारपटलाचे रोपण

"त्याच्या डोळ्यात फूल पडले," असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणतात. काळ्या बुबुळावर दुधासारखा पांढरा डाग दिसतो आणि त्या डोळ्याची दृष्टी जाते. पुष्कळ घरांत विषय इथेच संपतो. नशिबाला बोल लावला जातो आणि माणूस उरलेल्या एका डोळ्याने किंवा कुणाच्या हाताच्या आधाराने दिवस काढतो. वास्तविक अशा अनेक डोळ्यांना दृष्टी परत मिळू शकते. ती कशी, आणि कोणाला मिळू शकत नाही, हे आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना नीट समजावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्यास पारपटल म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत कॉर्निया. त्याची रुंदी अकरा-बारा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. अश्रू, हवा आणि डोळ्यातील पाणी यांवर ते जगते. म्हणूनच ते स्वच्छ राहते, आणि म्हणूनच एकाचे पारपटल दुसऱ्यास बसविताना सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. त्याच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी पारपटलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढीत असतात. या पेशी मेल्या तर नव्या येत नाहीत. मग पारपटल सुजते व धूसर होते.

फूल पडते कशाने? भिवंडीपुरते बोलायचे तर कारणे आपल्या अवतीभवतीच आहेत. मागावरचा धोटा उडून डोळ्यावर बसतो. डाईंगमध्ये कॉस्टिकचा शिंतोडा उडतो. तालुक्यातील गावांत भात कापताना पात्याचा ओरखडा बसतो आणि त्यातून बुरशीची जखम होते. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटते. लहानपणी अ जीवनसत्त्वाची कमतरता व गोवर यांनीही डोळे गेलेले आहेत. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नास वर्षांखालील लोकांतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण पारपटलाचे विकार हेच आढळले. म्हणजे हा म्हातारपणाचा नव्हे, कमावत्या वयाचा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. डोळ्यात चुना वा रसायन गेले तर दवाखान्यात पळण्यापूर्वी, तिथल्या तिथे, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा. ओरखड्यानंतर डोळा लाल होऊन दुखू लागला तर औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टिरॉइड असले आणि जखम बुरशीची असली, तर आराम पडल्यासारखे वाटते आणि आत डोळा कुजत जातो. मध, दूध वगैरे घरगुती प्रकारांबद्दल काय बोलावे! नेत्रतज्ज्ञ जखमेचा अंश खरवडून तपासतात व त्याप्रमाणे औषध देतात. हे वेळेवर झाले तर शस्त्रक्रियेची पाळीच येत नाही.

पारपटलाचा प्रत्येक विकार रोपणापर्यंत जातो असेही नाही. काही तरुणांचे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. प्रारंभीच कळले तर रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या उपचाराने ते रोखता येते आणि कडक कॉन्टॅक्ट लेन्सने चांगले दिसते. वरवरचा डाग लेसरने कमी करता येतो.

रोपणाचे आज तीन प्रमुख प्रकार आहेत. पहिला जुना व सर्वपरिचित: मधला सात-आठ मिलिमीटरचा गोल तुकडा पूर्ण जाडीसह काढून तेथे दात्याचा तुकडा केसाहूनही बारीक टाक्यांनी शिवणे. हे टाके पुष्कळदा वर्षभर किंवा अधिक काळ ठेवावे लागतात आणि दृष्टी हळूहळू स्थिरावते. दुसऱ्यात रुग्णाचा आतला थर शाबूत ठेवून फक्त पुढचे थर बदलतात. यास डाल्क म्हणतात. आतल्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच राहत असल्याने शरीराने रोपण नाकारण्याचा धोका कमी होतो. तिसऱ्यात उलट, फक्त आतला थर बदलतात. डीसेक व डीमेक ही त्याची नावे. लहान छेदातून तो थर आत सोडून हवेच्या बुडबुड्याने चिकटवितात, म्हणून रुग्णास काही काळ उताणे झोपावे लागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे पारपटल सुजून राहिले, त्यांना याचा फार उपयोग होतो. आपल्यासाठी यांपैकी कोणता प्रकार, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच धरू नये.

काचबिंदूने नस गेली असेल किंवा मागचा पडदा निकामी झाला असेल, तर नवे पारपटल बसवून दिसणार नाही. पूर्ण डोळा बदलता येत नाही, काच तेवढी बदलते. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशीच जळालेल्या असतात; तेथे बहुधा आधी दुसऱ्या डोळ्यातील अशा पेशींचे रोपण करावे लागते. नवलाची गोष्ट अशी की जगातील पहिले यशस्वी रोपण चुन्याने भाजलेल्या डोळ्यावरच झाले. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी आलोइस ग्लोगार या मजुरावर ते केले. पारपटल मिळाले होते अकरा वर्षांच्या एका मुलाच्या, इजेमुळे काढाव्या लागलेल्या डोळ्यातून. मृत व्यक्तीचे पारपटल वापरण्याची पद्धत पुढे १९३० च्या दशकात ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनी रुजविली. आपल्या देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली.

रोपणानंतर थेंब महिनोन् महिने घालावे लागतात. लाली, दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी कमी होणे यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत. वेळेत उपचार झाल्यास नाकारले जाणारे रोपणही पुष्कळदा वाचते.

आता पारपटल येते कुठून? कारखान्यातून नव्हे, कुणाच्या तरी घरच्या दुःखातून. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत ते घ्यावे लागते. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर उंच ठेवावे. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, काम अर्ध्या तासाच्या आत होते, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन यांची अडचण नाही. एड्स, कावीळ ब व क, रेबीज अशा रोगांत मात्र रोपणासाठी डोळे घेत नाहीत. १९९४ च्या कायद्याने या व्यवहारात पैसा घेणे-देणे गुन्हा आहे.

"पुढच्या जन्मी आंधळा होईल," ही भीती अजून ऐकू येते. ज्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत त्याच घरात ऐकू येते, याचे आम्हास वाईट वाटते. आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे. आणि जातककथेतील शिबी राजाने तर जिवंतपणीच डोळे दिले.

पण दोष केवळ श्रद्धेचा नाही, आमचाही आहे. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी संकल्पपत्र भरले होते. ते गेले त्या रात्री आम्ही सारे त्यांच्या घरी होतो. गावाकडील नातेवाइकांची वाट पाहण्यात, तिरडीच्या सामानात रात्र गेली. उशाशी पंखा चालूच होता. सकाळी त्यांच्या मुलीने कपाटातून तो कागद आणला आणि विचारले, "आता फोन केला तर चालेल का?" दहा तास उलटले होते. संकल्पपत्र कपाटात असून भागत नाही. शेवटी संमती घरच्यांनी द्यायची असते व फोनही त्यांनीच करायचा असतो, हे आम्हाला त्या सकाळी कळले.

त्यानंतर अंत्यविधीच्या कामांची जी यादी आम्ही कार्यालयात लावली आहे, तीत बौद्धाचार्यांना निरोप, पांढरे कापड, मेणबत्त्या या साऱ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे.